जुन्या दुनळीची किंमत: आधी नळ्या, मग नाव

अमेरिकेतल्या एखाद्या गन शोमध्ये टेबलावर दोन जुन्या दुनळ्या शेजारी शेजारी ठेवलेल्या दिसतात. कंपनी एक, गेज एक, साल जवळपास तेच. एकीच्या चिठ्ठीवरचा आकडा मात्र दुसरीच्या तिप्पट. महागडीवर कारखान्यातून आलेले रंग अजून टिकून आहेत. स्वस्त दुनळीच्या दस्त्याला मागे रबरी पॅड बसवलंय आणि चोक, म्हणजे तोंडाशी आवळलेला नळीचा भाग, मोकळे केलेत. संग्राहकाच्या लेखी ही दुसरी बंदूक कामातून गेली. कुत्र्यामागे दिवसभर रान तुडवणाऱ्याच्या लेखी कदाचित तीच खरी कामाची.

म्हणजे जुन्या शॉटगनच्या किमती दोन. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ रंग, मूळ लाकूड आणि मूळ मापं यांचे. शिकारी मोजतो धड नळ्या, हलकं वजन आणि खांद्याला बसणारा दस्ता यांचे. घासाघीस सुरू करण्याआधी आपण यांतल्या कोणत्या बाजारात उभे आहोत हे ठरवलं नाही, तर पहिल्या बाजाराचा भाव देऊन दुसऱ्या बाजारातली वस्तू घरी येते. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. हा लेख दुसऱ्या बाजारातल्या, ‘अपलँड’ शिकार करणाऱ्या माणसासाठी आहे. संग्राहकाने नाकारलेली, पण उडवायला उत्तम अशी बंदूक ओळखता आली की निम्मे पैसे वाचतात.

‘अपलँड’ शिकार म्हणजे पाणथळ सोडून माळरान, झाडोरा आणि डोंगरउतारावरच्या पक्ष्यांची शिकार. मिशिगन, विस्कॉन्सिन, मेनमध्ये रफ्ड ग्राउज आणि वुडकॉक, जॉर्जियात बॉबव्हाइट क्वेल, साउथ डकोटात फेझंट, नेवाडा-आयडाहोच्या खडकाळ उतारांवर चकोर. हो, तोच. आपल्या कवितेत चांदण्यावर जगणारा हा पक्षी आशियातून नेऊन तिकडे सोडला गेला आणि आता गवताचं बी खाऊन मजेत राहतो. या सगळ्या प्रकारांत माणूस चालतो खूप आणि बार काढतो मोजके. बदकांसाठीची साडेसात-आठ पौंडांची, तीस इंची नळ्यांची बंदूक इथे ओझं होते.

गेजचा हिशेब आपल्याकडच्या ‘बारा बोअर’चाच. एक पौंड शिसं घेऊन त्याच्या नळीत नेमक्या बसतील अशा बारा सारख्या गोळ्या झाल्या की त्या नळीला १२ गेज म्हणायचं. त्यामुळे आकडा वाढतो तशी नळी अरुंद होते: १२ गेजची ०.७२९ इंच, १६ ची ०.६६२, २० ची ०.६१५, २८ ची ०.५५०. ‘फोर-टेन’ (०.४१०) तेवढी या हिशेबाबाहेरची. तो आकडा नळीच्या व्यासाचा आहे. वजनासाठी इंग्लंडमधला जुना ९६ चा नियम आजही कामाचा आहे: बंदुकीचं वजन छर्ऱ्यांच्या वजनाच्या ९६ पट असावं. एक औंस छर्ऱ्यांना सहा पौंड, १⅛ औंसाला पावणेसात, ⅞ औंसाला सव्वापाच. बंदूक याहून फार हलकी असली तर खांदा दुखतो. विक्रेत्याने सांगितलेल्या वजनावर विसंबू नका, छोटा ताणकाटा खिशात ठेवा.

नळ्या

किमतीतला सर्वात मोठा वाटा इथेच असतो. दस्ता नवा करून मिळतो, स्प्रिंग बदलता येते, पण नळ्या गेल्या की बंदूक गेली. म्हणून तपासणीतला निम्मा वेळ नळ्यांना द्यावा.

आधी बंदूक उघडून दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ते नळीचे मागचे भाग, रिकामे असल्याची खात्री करायची, डोळ्यांनी आणि बोटानेही. मग फोरएंड, म्हणजे नळ्यांखाली हाताने धरायचा लाकडी भाग, काढून नळ्या सुट्या करायच्या. खालच्या हुकात बोट अडकवून त्या लोंबत्या धरा आणि बोटाच्या पेराने हलकी टिचकी मारा. देवळातल्या छोट्या घंटेसारखा लांबणारा नाद आला तर दोन नळ्यांना जोडणाऱ्या रिबची झाळ शाबूत आहे. फुटक्या मडक्यासारखा ‘थप्प’ आवाज आला तर रिब कुठेतरी सुटली आहे. रिब पुन्हा बसवायची तर जुनी झाळ काढून सगळं नव्याने जोडावं लागतं, वर नळ्यांचा रंगही नव्याने द्यावा लागतो. खर्च बऱ्याचदा साध्या दुनळीच्या किमतीच्या निम्म्यावर जातो.

रिब सुटण्यामागे अनेकदा एखाद्याने हौसेने केलेलं ‘नवं ब्लूइंग’, म्हणजे पोलादाला दिलेला निळसर काळा रंग, असतं. दुनळीच्या रिब शिसं-कथलाच्या मऊ झाळेने जोडलेल्या असतात. आधुनिक ब्लूइंगच्या गरम कॉस्टिक क्षारांच्या टाकीत अशा नळ्या बुडवल्या की क्षार फटींतून आत शिरतात, झाळ खातात आणि आतून गंज धरतो. दुनळीला हळूहळू गंज चढवून केलेलं, मंद तेजाचं ‘रस्ट ब्लू’च हवं. काळीकुळकुळीत, आरशासारखी चकचकीत जुनी दुनळी दिसली की मी आधी तिचा नाद ऐकतो आणि मग किमतीची चिठ्ठी वाचतो.

आता नळीतून उजेडाकडे पाहा. सरळ दिव्याकडे बघितलं तर सगळ्याच नळ्या चकाचक दिसतात. त्याऐवजी खिडकीच्या चौकटीची आडवी कड नळीत पडेल अशी धरा आणि नळी हळूहळू फिरवा. कडेची सावली आतल्या भिंतीवर सरळ रेघेसारखी धावते. जिथे ती रेघ आत दबते तिथे बाहेरून पोचा आहे, जिथे कड्यासारखी फुगते तिथे फुगार आहे. पोचा बहुतेक वेळा काढता येतो, कारण धातू जागेवरच असतो. फुगार वाईट, कारण तिथला धातू ताणला गेलेला असतो. त्याचं कारण जवळजवळ नेहमी अडथळा: नळीच्या तोंडात गेलेला चिखल किंवा बर्फ, नाहीतर १२ गेजच्या नळीत चुकून घातलेलं २० गेजचं काडतूस. ते चेंबरमधून घसरून पुढे अडकतं, वरून १२ चं काडतूस बसतं आणि नळी फाटते. अमेरिकेत २० गेजची काडतुसं पिवळी करण्यामागे हेच कारण आहे.

आतले खड्डे पाहताना त्यांची जागा बघा. चेंबरच्या लगेच पुढे काही बारीक ठिपके असणं जुन्या बंदुकीत साहजिक आहे. तेव्हाच्या काडतुसांच्या टोप्यांतल्या क्षारांमुळे तिथे ओल धरून गंज चढायचा. नळीच्या पुढच्या, पातळ भागात खोल खड्डे असतील तर मात्र बाजूला ठेवा. आणि ठिपके अजिबात नसतील तरी खूश होऊ नका. कुणीतरी ते घासून काढलेले असू शकतात आणि त्यासोबत भिंतही पातळ झालेली असू शकते.

म्हणून दोन मापं घ्यावीच लागतात: आतला व्यास आणि भिंतीची जाडी. दोन्हींची साधनं बंदूक-कारागिरांकडे असतात आणि पैसे देऊन माप करून मिळतं. इंग्लंडच्या धंद्यात पुढच्या भागात कुठेही भिंत २० थाऊच्या, म्हणजे ०.०२० इंचाच्या खाली जाऊ नये असा दंडक धरतात. चेंबर संपतो तिथे मात्र ९० ते १०० थाऊ हवेत, कारण दाब तिथे सर्वांत जास्त असतो. एक नळी २६ थाऊ आणि दुसरी १७ असं दिसलं, तर मधल्या काळात कुणीतरी पोचा काढताना बाहेरून कानस चालवली असणार.

इंग्लिश बंदुकीत याचा पुरावा नळ्यांच्या तळावरच कोरलेला असतो. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसमध्ये दाबाची परीक्षा झाली तेव्हाचा व्यास तिथे लिहिलेला असतो. १९५४ च्या आधीच्या खुणांत १३/१ म्हणजे ०.७१९ इंच, १२ म्हणजे ०.७२९, १२/१ म्हणजे ०.७४०. खूण १३/१ ची आहे आणि आज मापाला ०.७३५ येतं, तर ती बंदूक ‘प्रूफबाहेर’ गेली. ब्रिटनमध्ये तशी विकताही येत नाही. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस नाही, तिथले जुने कारखाने स्वतःच परीक्षा घेत. त्यामुळे अमेरिकन दुनळीत मापाला पर्याय नाही.

नळ्या कापल्यात का, हेही बघायचं. न कापलेल्या जुन्या दुनळीत तोंडाशी दोन नळ्या एकमेकींना टेकलेल्या किंवा जवळजवळ टेकलेल्या असतात. मध्ये ठळक फट आणि तीत सोल्डर भरलेलं दिसलं, किंवा लांबी २७¼ असा विचित्र आकडा आला, तर करवत फिरली आहे. नळीच्या टोकाला असलेला चोक त्याबरोबर गेला. दाट झाडीतल्या ग्राउजसाठी ते एका अर्थी बरंच, किंमत मात्र निम्म्यापर्यंत पडते. हा मुद्दा घासाघिशीत वापरा.

चोक म्हणजे तोंडाशी नळी किती आवळली आहे ते. १२ गेजमध्ये इम्प्रूव्ह्ड सिलिंडर या मोकळ्या चोकला साधारण १० थाऊ, मॉडिफाइड या मधल्याला २०, फुल या घट्टला ३५ ते ४०. अमेरिकेत खिशातलं दहा सेंटचं नाणं तपासणीला वापरतात. त्याचा व्यास ०.७०५ इंच. नाणं १२ गेजच्या तोंडात शिरलं नाही तर चोक फुलच्या आसपास, शिरलं तर मोकळा. पण हा घरगुती उपाय. मूळ व्यासच ०.७४० असेल तर नाणं सरळ खोटं बोलतं. खरं माप म्हणजे आतल्या व्यासातून तोंडाचा व्यास वजा.

जुन्या अमेरिकन दुनळ्यांपैकी बऱ्याच तीस इंची आणि दोन्ही नळ्या फुल चोकच्या आहेत, कारण त्या काळी लांब पल्ल्याचं वेड होतं. म्हणून अशा बंदुका स्वस्त मिळतात आणि २६ किंवा २८ इंची, मोकळ्या चोकच्या महाग. फुलचा चोक घासून मोकळा करायला फार खर्च येत नाही. घासलेला धातू परत येत नाही, एवढंच लक्षात असू द्या.

चेंबरची लांबी हा अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. काडतुसाच्या खोक्यावर लिहिलेली लांबी त्याच्या तोंडाची घडी उघडल्यानंतरची असते. २¾ इंची काडतूस २½ इंची चेंबरमध्ये सुखाने बसतं, बंदूकही मिटते. पण उडताना घडी उघडायला जागा नसते, ती पुढच्या निमुळत्या भागात अडकते आणि दाब चढतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या १६ गेजमध्ये २ ९/१६ इंची चेंबर सर्रास असायचे, विंचेस्टर मॉडेल १२ च्या सुरुवातीच्या २० गेजमध्ये २½ इंची. युरोपियन नळीवर ६५ मिमी लिहिलं असेल तर २½ इंच, ७० असेल तर २¾. विक्रेता ‘चेंबर वाढवून घेतलेत’ असं अभिमानाने सांगेल. तेव्हा चेंबरच्या पुढच्या टोकाची जाडी मोजा, कारण दाब जिथे जास्त तिथलाच धातू त्याने काढला आहे. नाहीतर मूळ चेंबर राहू द्यावा आणि कमी दाबाची आखूड काडतुसं मागवावी. ती थोडी महाग पडतात, तो फरक किमतीतून वजा करा.

दमास्कस नळ्या, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पीळ देऊन जोडलेल्या, नागमोडी नक्षीच्या, हा वेगळा विषय आहे. अशा नळ्या जाणत्या माणसाच्या मापाशिवाय घेऊ नका. ‘भिंतीवर टांगायची’ म्हणून स्वस्तात मिळाली तर भिंतीवरच टांगा.

सांधा, पिन आणि कळ

नळ्या आणि चौकट (यंत्रणा बसवलेला मधला पोलादी भाग) घट्ट मिटतात का, हे तपासताना फोरएंड काढूनच तपासा. त्याची स्प्रिंग नळ्या वर दाबून धरते आणि ढिलाई लपवते. नळ्या बंद करून एका हाताने दस्ता, दुसऱ्याने नळ्या धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. ‘टिक’ असा आवाज आला तर बिजागरीची पिन झिजली आहे. मग सिगारेटच्या कागदाची पट्टी नळ्यांच्या मागच्या तोंडात आणि चौकटीच्या सपाट भिंतीत धरून बंदूक मिटा. पट्टी अडखळत नसेल, सहज बाहेर येत असेल, तर तिथे फट आहे. यालाच ‘ऑफ फेस’ म्हणतात. चांगला उपाय म्हणजे थोडी जाड नवी पिन बसवणं किंवा हुकावर धातू चढवून पुन्हा घासणं. वाईट उपाय म्हणजे हुकावर छिन्नीने ठोके मारून धातू पसरवणं. ठोक्यांच्या खुणा हुकाच्या आतल्या बाजूला स्पष्ट दिसतात. अशी बंदूक शंभरेक काडतुसांत पुन्हा ढिली होते.

बंदूक उघडायची वरची कळ मिटल्यावर कुठे थांबते ते पाहा. मध्यरेषेच्या थोडी उजवीकडे थांबली तर नळ्या अडकवून धरणाऱ्या बोल्टमध्ये अजून जीव आहे. मध्यावर म्हणजे बरीच झिजली. डावीकडे गेली तर दुरुस्तीची वेळ झाली. पार्कर कंपनीच्या दुनळ्यांत मात्र, साधारण १९१० नंतरच्या बंदुकांत, लगमधली (नळ्यांखालच्या पोलादी ठोकळ्यातली) छोटी पट्टी बदलता येते, त्यामुळे कळेची जागा नव्यासारखी दिसू शकते. तिथे कळेवर नको, हलवून पाहण्यावर विश्वास ठेवा.

स्क्रूच्या खाचांकडे मी नेहमी भिंगातून बघतो. चांगल्या कारखान्यांत खाच नळीच्या दिशेने सरळ बसवलेली असे. फाटलेल्या, वाकड्या खाचा म्हणजे कुणीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हात घातला आहे, आणि आतली परिस्थिती त्याहून वाईट असू शकते.

चाप आणि इजेक्टर (उडालेलं काडतूस बाहेर फेकणारी यंत्रणा) तपासायला स्नॅप कॅप, म्हणजे खोटी काडतुसं, लागतात, रिकामा घोडा पाडू नये. विकणाऱ्याची परवानगी घ्या. घोडे चढवून सेफ्टी लावा, दोन्ही चाप ओढून सोडा, मग सेफ्टी काढा. या वेळी एखादा घोडा पडला तर चापाची दातरी झिजली आहे. नंतर घोडे चढलेले असताना दस्ता रबरी चटईवर हलका आपटा, तरी काही पडता कामा नये. इजेक्टर असतील तर दोन्ही बाजूंच्या स्नॅप कॅप एकदम आणि सारख्या अंतरावर उडाव्यात. एक चाप असलेल्या काही बंदुकांत, ब्राउनिंग सुपरपोज्डमध्येही, दुसऱ्या नळीसाठीची यंत्रणा पहिला बार उडतानाच्या धक्क्याने तयार होते. नवखा माणूस स्नॅप कॅपवर दोनदा चाप ओढतो आणि ‘दुसरी नळी बिघडलीय’ म्हणून सोडून जातो. पहिल्या वेळी चाप ओढल्यावर दस्ता हाताने थोपटा, मग ओढा.

दस्त्यात मुठीच्या भागातली चीर सर्वांत घातक, कारण धक्का तिथून जातो. तिथे तेल मुरून लाकूड काळं आणि स्पंजासारखं झालं असेल तर नखाने दाबून बघा. तेलाळ लाकडाला सरस धरत नाही, आधी ते तेल शोषून काढावं लागतं. मागचं पॅड किंवा बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी) काढून स्क्रूच्या भोकांकडे पाहा, बुजवलेली जुनी भोकं म्हणजे दस्ता कापला आहे. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १४¼ ते १४½ इंच आजच्या सरासरी अंगाला बसतं. जुन्या अमेरिकन दस्त्यांना टाचेशी, म्हणजे मागच्या वरच्या टोकाशी, तीन इंचांपर्यंत उतार असे. असा दस्ता गालावर मारतो आणि पक्ष्याच्या खाली नेम नेतो. गरम तेलाने दस्ता वर वाकवता येतो, पण चीर असलेला वाकवू नये. रबरी पॅडमुळे संग्राहक पळतो. शिकाऱ्याला ते फुकटचं सुख आहे.

नावानिशी काही खोड्या

पार्कर, मेरिडन, कनेक्टिकटची. दर्जाची अक्षरं चौकटीच्या आतल्या सपाट भागावर: ट्रोजन सर्वांत साधी, मग व्हीएच, जीएच, डीएच, सीएच असं वर चढत जातं. शेवटी जोडलेला ‘ई’ म्हणजे इजेक्टर, उदाहरणार्थ व्हीएचई. मागच्या लगवरचा ०, १, २ असा आकडा चौकटीचा आकार सांगतो. २० गेज बंदूक ० चौकटीवर हलकी आणि मागणीची, तीच १ वर जड. कोरीव काम नंतर वाढवून दर्जा ‘चढवलेल्या’ पार्कर बाजारात आहेत. म्हणून दर्जाचे पैसे मोजायचे असतील तर पार्कर संग्राहक संघटनेचं नोंदींवर आधारलेलं पत्र मागवा. विंचेस्टर आणि एल. सी. स्मिथच्या जुन्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडीच्या संग्रहालयात आहेत.

फॉक्स स्टर्लिंगवर्थ ही माझ्या मते शिकाऱ्यासाठी सर्वांत शहाणी जुनी अमेरिकन दुनळी. फिलाडेल्फियात, आणि सॅव्हेजने कंपनी घेतल्यावर युटिकात बनलेली. आत सुटे भाग कमी आणि तेही दणकट, फिरता बोल्ट झिजेप्रमाणे थोडा पुढे सरकत राहतो. कोरीव काम नाही म्हणून संग्राहक फार मागे लागत नाहीत.

एल. सी. स्मिथ साइडलॉक, म्हणजे चापाची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली, दिसायला देखणी. पण बाजूच्या पट्ट्यांमागे लाकूड पातळ असल्याने तिथे चिरा जाणं हा तिचा जन्मजात दोष. चीर नसलेली मिळाली तर किंमत वाढणारच. इथाकाच्या फ्ल्यूज मॉडेलमध्ये, विशेषतः हलक्या २० गेजमध्ये, चौकटीचा उभा आणि आडवा भाग मिळतो त्या कोपऱ्यात केसासारखी चीर शोधा. नखाने लागत नाही, भिंगाने दिसते. तिच्यात जोरदार काडतुसं घालणं मूर्खपणाचं.

ब्राउनिंग सुपरपोज्ड १९३१ मध्ये आली, खरोखर सुंदर ओव्हर-अंडर, म्हणजे एकावर एक नळ्यांची. मात्र १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९७० च्या सुरुवातीपर्यंतच्या बंदुकांत मिठाने झटपट वाळवलेल्या अक्रोडाच्या लाकडाची भानगड आहे. लाकडातलं मीठ ओल ओढतं आणि त्याला टेकलेलं पोलाद आतून खातं. बटप्लेटचा स्क्रू काढा. तो गंजलेला, खरबरीत निघाला किंवा लाकूड-धातूच्या सांध्यावर तांबूस रेघ दिसली तर बंदूक खाली ठेवा, नाहीतर नव्या दस्त्याची पूर्ण किंमत वजा करा. त्याच कंपनीच्या, आपोआप पुढचं काडतूस भरणाऱ्या ऑटो-५ मध्ये घर्षणाची कडी पाहा. जोरदार काडतुसांसाठी ती स्प्रिंगच्या पुढे, हलक्यांसाठी स्प्रिंगच्या मागे चौकटीपाशी. चुकीच्या जागी ठेवून वर्षानुवर्षं वापरलेल्या ऑटो-५ चं फोरएंड चिरलेलं असतं.

पंप बंदुकांत, म्हणजे फोरएंड मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकांत, इथाका ३७ ग्राउजवाल्यांची लाडकी. २० गेजची पावणेसहा पौंडांच्या आसपास, रिकामं काडतूस खालून टाकणारी, म्हणून डावखुऱ्यालाही सोयीची. ८,५५,००० च्या आधीच्या क्रमांकांना नंतरच्या नळ्या सरळ बसत नाहीत, त्यामुळे ‘जादा नळी सोबत’ म्हटलं की क्रमांक पाहा. विंचेस्टर मॉडेल १२ च्या सांध्याची ढिलाई आतल्या कंगोऱ्याच्या कड्याने घट्ट करता येते, तेवढ्यावरून नाकारू नका. तिची २८ गेज मात्र फार महाग आणि नकला भरपूर.

आकडा कसा काढायचा

मागितलेल्या किमती पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती पाहा. तोच गेज, तीच चौकट, साधारण तीच स्थिती असलेले पाच-सहा व्यवहार जमवा. लिलावगृहाची खरेदीदाराकडून घेतली जाणारी टक्केवारी त्यात धरली आहे का ते तपासा. मग स्थिती बेरजेत किंवा वजाबाकीत घ्या. समजा, ‘धड, पण रंग उतरलेल्या’ १२ गेज दुनळ्या सरासरी ११०० डॉलरला गेल्या. समोरची ऑफ फेस आहे, दुरुस्ती ३०० धरली. मुठीत बारीक चीर, १५०. चेंबर आखूड, त्याबद्दल काही नाही, कारण तुलनेतल्याही तशाच होत्या. उरले ६५०. दुरुस्तीत जाणारे महिने आणि बिघडण्याचा धोका यांचे आणखी ५०. म्हणजे ६०० च्या वर हात वर करायचा नाही, विक्रेता आजोबांची गोष्ट कितीही रंगवून सांगत असला तरी. काळजी एकाच दिशेने घ्या: दुरुस्तीच्या अंदाजात कारागीर नेहमी आशावादी असतो.

२० आणि २८ गेजला १२ पेक्षा भाव जास्त, १६ ला मधला. १६ ची काडतुसं प्रत्येक दुकानात नसतात, म्हणूनच ती एवढी हलकी आणि छान असूनही कधी कधी स्वस्तात मिळते. शिवाय छर्ऱ्यांचा कायदा बघा. पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे आणि कॅलिफोर्नियात २०१९ पासून सगळ्याच शिकारीला. जुन्या पातळ नळ्यांत आणि घट्ट चोकमध्ये पोलादी छर्रे चालवू नयेत. मग बिस्मथ या धातूचे छर्रे घ्यावे लागतात आणि ते महाग आहेत.

कायद्याचं थोडक्यात. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक केंद्रीय कायद्यात प्राचीन वस्तू. त्यानंतरची दुसऱ्या राज्यातून घ्यायची तर परवानाधारक दुकानातूनच येते. नळी १८ इंचांहून आखूड असता कामा नये. एच-१बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना बंदूक बाळगण्याची एरवी मनाई आहे, वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. ग्रीनकार्डवाल्यांना ती अडचण नाही, राज्याचे नियम मात्र वेगळे. महाराष्ट्रातल्या माळावरच्या लावा-तित्तिरांना यातलं काहीच लागू नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे शिकार हा गुन्हा आहे.

ऑनलाइन घेतलेल्या बंदुकीला बहुतेक विक्रेते तीन दिवसांची तपासणीची मुदत देतात, एकही काडतूस न उडवण्याच्या अटीवर. ती सौद्याआधी लेखी घ्या. पहिल्या दिवशी फोटो काढा, नाद ऐका आणि वजन करा. दुसऱ्या दिवशी बंदूक कारागिराकडे नेऊन जाडी, व्यास आणि चेंबर मोजून घ्या. मापं फोनवर नको, कागदावर सहीनिशी घ्या. जाहिरातीत ‘नळ्या उत्तम’ लिहिलं असेल आणि कागदावर १७ थाऊ असेल, तर परतीच्या पेटीत त्या कागदाची प्रत ठेवा आणि मूळ खोकं फाडलेलं नसू द्या.